दाजींच्या अंगणात घण

थाप मारायला मामाला कारण लागायचं नाही. रस्त्यात कुणी वेळ विचारली तर आधी खोटी सांगायचा, समोरच्याचा गडबडलेला चेहरा डोळे भरून बघायचा आणि मग खरी सांगायचा. पन्नाशी आली, पोट सुटलं, चष्मा लागला, पण ही खोड काही सुटली नाही. भाचीचा मामा म्हणून घरात सगळे त्याला मामा म्हणायचे. ऑफिसात येईल त्याला मामा बनवायचा, म्हणून तिथेही तेच नाव पडलं. त्याच्या साहेब म्हणजे मॅडम. वयाने त्याच्याहून बऱ्याच लहान, भूशास्त्रातल्या डॉक्टर. नोकरीला लागल्या तेव्हा त्याने त्यांना पटवून दिलं होतं की ऑफिसातली लिफ्ट मंगळवारी बंद असते. बिचाऱ्या कितीतरी मंगळवार जिना चढल्या. मग एका मंगळवारी मामाच लिफ्टमधून शीळ घालत बाहेर पडला आणि त्यांच्या समोर आला.

एका बाबतीत मात्र मामा सरळ होता. तोंडाने काय वाटेल ते बोलेल, पण मशीनवरच्या आकड्याला हात लावणार नाही. मॅडम त्याला सांभाळून घ्यायच्या त्या एवढ्यासाठीच.

त्यांचं काम होतं पायाखालची जमीन तपासायचं. भूकंप कधी येणार हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही आणि ते सांगायचं कामही त्यांचं नव्हतं. आला तर कुठल्या गल्लीत जमीन किती हलेल, एवढंच शोधायचं आणि शहराच्या नकाशावर रंग भरायचे. डोंगरापलीकडच्या शहरात काही वर्षांपूर्वी मोठा धक्का बसला होता. तिथे एका रस्त्याच्या डाव्या बाजूची घरं बसली आणि उजव्या बाजूच्या घरांतल्या कपाटावरचे पेलेसुद्धा पडले नाहीत. विटा तशाच, सिमेंट तेच, गवंडीही बहुतेक एकच. फरक होता खालच्या जमिनीत. तेव्हापासून या शहरालाही जाग आली आणि मामाच्या हातात घण आला.

तपासायच्या पद्धती दोन. पहिली ऐकण्याची. जमीन कधीच पूर्ण गप्प नसते. लांबच्या रस्त्यावरच्या गाड्या, वाऱ्याने हलणारी झाडं, कुठलीतरी नदी, या सगळ्यांची बारीक थरथर तिच्यात सतत चालू असते. तीन पायांचा एक जड डबा जमिनीवर ठेवायचा आणि तो ऐकत बसतो. उद्या जमीन हललीच तर कुठल्या तालात हलेल, हे त्यावरून कळतं. दुसरी पद्धत ठोकण्याची. जमिनीत सरळ ओळीने खुंट्या रोवायच्या, प्रत्येक खुंटीला वायर, वायरींच्या टोकाला लॅपटॉप. ओळीच्या सुरुवातीला लोखंडी पाटा ठेवायचा आणि त्यावर घण घालायचा. ठोका खुंटीमागून खुंटी किती वेगाने पळतो ते पडद्यावर दिसतं. दगडात तो सुसाट जातो, मऊ मातीत चिखलात अडकलेल्या माणसासारखा पाय ओढत जातो. घण पडताना आजूबाजूच्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. मामाचा हा सगळ्यात आवडता क्षण. भर रस्त्यात भल्याभल्यांना एका पायावर थांबवायचा अधिकार दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळतो?

तर असं करत करत पथक मामाच्या ताईच्या गल्लीपर्यंत येऊन ठेपलं.

ताईचे यजमान, म्हणजे मामाचे दाजी, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी दुकानदारांच्या तराजूखाली वाकून बघण्यात घातली. पारड्याखाली मेण चिकटवलंय का, वजन आतून पोखरलंय का, मापाचं बूड आत ठोकलंय का. निवृत्त झाले तरी मान वाकवायची सवय गेली नाही. भाजीवाली त्यांना लांबून बघितलं की दोन टोमॅटो आधीच जास्त टाकायची. असा माणूस आणि असा मेव्हणा. दोघांचं जन्मात पटलं नाही आणि एकमेकांवाचून करमलंही नाही. मामा दारात दिसला की दाजी म्हणायचे, "या थापाडे साहेब." मग ताई चहा टाकायची.

त्या रविवारीही तसंच झालं. फक्त दाजींचं लक्ष चहात नव्हतं. त्यांच्या घराच्या गच्चीवर खांबांच्या सळया कित्येक वर्षं उभ्या होत्या, वरचा मजला कधीतरी चढवू म्हणून ठेवलेल्या. तो कधीतरी आता आला होता. लेक आणि जावई जुळ्या मुलींना घेऊन याच शहरात परत येणार होते. नाती आपल्या डोक्यावर नाचल्या पाहिजेत, खाली बसून आपण छताकडे बघून ओरडलं पाहिजे, असं दाजींनी ठरवूनच टाकलेलं. परवानगी जुन्या नियमाने हातात होती, नव्या सळया भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, मिस्त्री महिना संपला की येणार होता. आणि नेमकं आता हे जमीन तपासायचं झेंगट. दाजींनी आडून आडून विचारलं की तुमच्या मशीनने आमची जमीन नापास केली तर काय.

आता इथे शहाण्या माणसाने सरळ उत्तर दिलं असतं. मामाने बिस्किट चहात बुडवलं, ते मोडायच्या आत तोंडात टाकलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दाजी, परीक्षा आहे म्हटल्यावर तयारी नको का करायला? अंगण दाबून घ्या. पाणी मारा, धुमस करा, परत पाणी मारा, परत धुमस. टणक झालं की मशीनला काय कळतंय."

ताई आतल्या खोलीत फोनवर लेकीशी बोलत होती. ती समोर असती तर तिथेच भावाच्या पाठीत धपाटा पडला असता आणि गोष्ट संपली असती. दाजी नुसते हं म्हणाले. मामा घरी गेला आणि विसरला. दिवसाला इतक्या थापा व्हायच्या, सगळ्या लक्षात ठेवायच्या तर त्याला कारकून नेमावा लागला असता.

पुढच्या आठवड्यात डबा घेऊन पथक गल्लीत आलं. मॅडमनी जागा निवडली ती दाजींच्या अंगणातली, कारण गल्लीत तेवढं मोकळं अंगण दुसरं नव्हतं. मामा फाटकातून आत शिरला आणि थबकला. अंगण कसलं, ताटासारखं गुळगुळीत झालेलं. ताईची गुलाबाची रोपं उपटून कुंड्यांत कोंबलेली, एका कोपऱ्यात माना टाकून उभी. ताईने खिडकीतून भावाकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली. दाजी मात्र पायरीवर हाताची घडी घालून उभे होते, पेपर सोपा गेलेल्या मुलासारखे. मामाला हसू आवरेना. पाठ करून तो डब्याचे पाय समतल करत बसला, आणि त्याचे खांदे हलताहेत ते मॅडमना दिसलं. काय झालं विचारलं तर म्हणाला, सर्दी.

डब्याने ऐकून झाल्यावर मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जमिनीचा स्वतःचा ताल पडद्यावर टेकडीसारखा गोलसर उमटतो. इथे टेकडी होतीच, पण तिच्या शेजारी सुईसारखा एक उंच सुळका उभा होता. असा सुळका दिसला की समजायचं, जवळपास कुठेतरी एखादं मशीन एका लयीत धडधडतंय. तेच जमिनीचं गाणं समजून नकाशात घातलं तर सगळी गल्ली चुकीच्या रंगात जाते. मॅडमनी मामाला मशीन शोधायला पिटाळलं.

फार लांब जावं लागलं नाही. चार घरं पलीकडे शिंपीणबाईच्या अंगणात ते होतं. रस्ता दाबायला वापरतात तसलं दणके मारणारं यंत्र, भाड्याने आणलेलं. शिंपीणबाईने त्याची मूठ दोन्ही हातांनी धरलेली, आणि उधळलेलं वासरू आवरावं तशी ती त्याच्यामागून ओढली जात होती. मामाला बघून तिने ते बंद केलं, पदराने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या दाजींनी सांगितलं म्हणून हो. आतली बातमी आहे, बोंबलू नका म्हणाले. आज माझा नंबर, उद्या समोरच्यांचा."

सगळ्या गल्लीने पाळ्या लावल्या होत्या.

आता खरं सांगायचं तर मामाला त्या क्षणी स्वर्ग दोन बोटं उरला. इतक्या थापा मारल्या, पण एवढी लांब पोचलेली, भाडं भरून यंत्र आणायला लावणारी थाप आजवर झाली नव्हती. तो भिंतीला टेकून पोट धरून हसला. डोळ्यांतलं पाणी पुसून वळला तर मागे मॅडम. त्यांनी शिंपीणबाईचं बोलणं ऐकलं होतं. त्या चिडल्या नाहीत. सकाळचं सगळं काम पुन्हा करावं लागेल एवढंच म्हणाल्या, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन काय ते खरं सांगून यायला सांगितलं. हसायचं असेल तर त्यानंतर.

मग मामा दारोदार फिरला. वरची वीतभर माती दाबून काही होत नाही, हे त्याने लोकांना समजावलं. दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत पुरली तर जेवढी खोल जाईल, तेवढ्या खोलवर आम्ही बघतो, वरच्या साईशी आम्हाला देणंघेणं नाही. लोक हसले. त्याला चार शिव्या घातल्या आणि चहा पाजला. शिंपीणबाई म्हणाली की अंगण तरी छान झालं, आता कपडे वाळत घालताना पाय मळणार नाहीत.

दाजी एकटे हसले नाहीत. त्यांनी मामाचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि आत जाऊन दार लावलं. जन्मभर दुसऱ्याच्या पारड्याखालचं मेण शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या पारड्याखाली मेण लावलं होतं, आणि सगळ्या गल्लीसमोर पकडला गेला होता. आणि मेण पुरवलं कुणी, तर मेव्हण्याने. बंद दारासमोर उभं राहिल्यावर मामाचं हसू जरा बेताचं झालं.

दुसऱ्या दिवशी गल्ली शांत होती. डब्याने नीट ऐकलं. मग मामाने अंगणात खुंट्या रोवल्या, वायर ओढली, पाटा ठेवला आणि घण घातला. ठोका निघाला आणि वाटेत रेंगाळला. मामाला ते पडदा न बघताही घणाच्या दांड्यातून कळलं. दगडावर घण उसळी मारून परत येतो. इथे तो येऊन बसला.

संध्याकाळी ऑफिसात मॅडमनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी लावले. तीन मजली घर जितकं उंच, साधारण तितक्या खोलीपर्यंत सगळी मऊ भर होती, आणि त्याखाली एकदम कठीण जमीन. गल्लीच्या तोंडाशी पाण्यासाठी बोअरचं भोक पाडलं होतं त्यातूनही विटांचे तुकडे, राख आणि काचा निघाल्या होत्या. कधीकाळी विटांसाठी तिथली माती काढून नेली असणार आणि मग शहराने आपला कचरा टाकून खड्डा बुजवला असणार. वर घरं बांधणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारेच उरले नव्हते.

"एक मजली घराला एवढी धास्ती नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याचा ताल वेगळा पडतो. पण वर अजून मजला चढवला की घराचा ताल आणि या जमिनीचा ताल जवळजवळ जुळतो. मग जमीन हलवत राहणार आणि घर झोके घेत राहणार."

मामाने टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मॅडमनी वर बघितलं.

"ते अंगण माझ्या बहिणीचं आहे," मामा म्हणाला. "वर मजला चढवायला मिस्त्री या सोमवारी येतोय."

नकाशा छापून व्हायला अजून बराच काळ होता, आणि छापला असता तरी दाजींची परवानगी जुनी. त्यांना अडवणारा कायदा नव्हता. अडवू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या शब्दाला त्या घरात चहातल्या बिस्किटाएवढीही ताकद उरली नव्हती.

मामा तसाच उठून ताईकडे गेला. दाजी सळया मोजत बसले होते. मामाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, खड्डा, भर, ताल, सगळं. एकही विनोद न करता बोलायची सवय नसल्याने मधेमधे अडखळला. दाजींनी शांतपणे ऐकलं.

"मागच्या आठवड्यात म्हणालास, अंगण दाबून घ्या," ते म्हणाले. "या आठवड्यात म्हणतोस, खाली कचरा आहे. पुढच्या आठवड्यात काय, पोहायला उतरू?"

मामाने मोरीतल्या कपडे धुवायच्या मशीनचा दाखला दिला. ते एरवी गपगुमान फिरतं, पण वेग वाढताना मधे एक क्षण असा येतो की शेजारची बादली नाचायला लागते, आणि वेग अजून वाढला की बादली पुन्हा गप्प. बादलीचा ताल आणि मशीनचा ताल त्या एका क्षणी जुळतो. तुमचं घर म्हणजे ती बादली. ताई दारात उभी राहून ऐकत होती. गुलाबांमुळे ती भावाशी अजून बोलत नव्हती, म्हणून नवऱ्याशी बोलली. "खोटं बोलताना हा माझ्याकडे बघतो, मी हसतेय का म्हणून. आज एकदाही बघितलं नाही."

"साक्ष घरची आहे," दाजी म्हणाले. "चालत नाही."

मामा खाली बसला. त्याचा अवतार बघून दाजींना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी सळयांवरचा हात काढला आणि खात्यात होते तेव्हाच्या आवाजात बोलायला लागले. कुठलाही तराजू खरा की खोटा, हे तराजूवाल्याला विचारून कळत नाही. आपलं प्रमाण वजन खिशातून काढायचं आणि त्याच्या पारड्यात टाकायचं. वजन आपल्याला ठाऊक असतं. काटा बरोबर थांबला तर तराजू खरा, मग त्याने पुढे काही का तोलेना.

"तुमच्या मशीनला आधी मला ठाऊक असलेल्या जमिनीवर उभं कर," दाजी म्हणाले. "तिथे ते खरं बोललं, तर माझ्या अंगणात काय म्हणतं ते ऐकेन. आणि घण मी घालणार."

मामाला वाटलं, मॅडम हाकलून देतील. मॅडमना उलट गंमत वाटली. मशीनची अशी पडताळणी त्या स्वतःही अधूनमधून करायच्याच, ती शनिवारी करायला त्यांची हरकत नव्हती. फक्त घणाने पायाचं बोट फुटलं तर जबाबदारी दाजींची, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

दाजींना ठाऊक असलेली जमीन म्हणजे चढावरची पाण्याची टाकी. तिथे उघडा कातळ होता. टाकी बांधली तेव्हा सुरुंग लावावे लागले होते, ते आवाज दाजींनी आपल्या कानांनी ऐकले होते. शनिवारी सकाळी तिघं तिथे गेले. कातळात खुंट्या रोवता येत नाहीत, म्हणून मामाने त्या छोट्या बैठकींवर बसवल्या आणि बाजूला झाला. मग निरीक्षक कामाला लागले. खुंट्यांमधलं अंतर आपल्या टेपने मोजलं. वायर कुठून कुठे जाते ते बोटाने चाचपत गेले. लोखंडी पाटा उचलून खालून बघितला, नखाने खरवडला, वास घेतला. घण हातात तोलून बघितला आणि याच्यावर शिक्का का नाही असं विचारलं. मॅडमनी हसू दाबायला पाण्याची बाटली तोंडाला लावली. मामा गुणी मुलासारखा उभा.

दाजींनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि घण घातला. तो टणकन उसळला आणि त्यांच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. पडद्यावर सगळ्या खुंट्यांच्या रेघा जवळजवळ एकदमच उडाल्या. मॅडमनी बोट ठेवून दाखवलं की ठोका या टोकाकडून त्या टोकाला इतक्यात पोचला. दाजींनी चष्मा वर करून बघितलं, पुन्हा एकदा घण घातला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले की इथवर मशीन खरं आहे.

मग तीच वायर, त्याच खुंट्या, तोच घण घेऊन ते अंगणात आले. दाजींनी टेप पुन्हा लावला, पाटा पुन्हा उलटा करून बघितला, मधल्या काळात त्याला कुणी काही केलं नाही ना म्हणून. खुंट्या रोवून झाल्या, वायरी जोडून झाल्या. आणि मग ते मामाकडे वळले.

"आता तू बाहेर जा."

"मी?"

"फाटकाबाहेर. तू इथे असताना झालेलं माप मी धरणार नाही."

पस्तीसेक वर्षांचं मेव्हणपण, पण मामा गेला. फाटक लोटून घेतलं आणि रस्त्यावर उभा राहिला. शिंपीणबाईने गॅलरीतून विचारलं, काय मामा, उभं केलं का बाहेर? त्याने हो म्हटलं. आतून पहिला ठोका आला, बद्द. कातळावरचा टणत्कार त्यात नव्हता. मग शांतता. मॅडमचं काहीतरी हळू बोलणं, दाजींचं हं. पुन्हा बद्द. पुन्हा शांतता. दाजी पाटा ओढून दुसऱ्या जागी नेताहेत, हे घासल्याच्या आवाजावरून त्याला कळलं. बद्द. साठी ओलांडलेला माणूस, दम लागत असेल, पण आत जायची सोय नव्हती. मामाच्या मनात आलं की मशीनने आज चूक करावी. वायर सुटावी, ठोका पळावा, पोरी डोक्यावर नाचाव्यात. लगेच दुसरं मन म्हणालं, आणि मग भूकंप आला तर? तो फाटकाच्या कडीशी खेळत राहिला. इतकी वर्षं मारलेल्या थापांपैकी निम्म्या तरी दुसऱ्या कुणाला मारायला हव्या होत्या, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. फार वेळ टिकलं नाही ते, पण वाटलं.

ठोके थांबले. मग फाटक उघडलं आणि दाजींनी त्याला मानेनेच आत बोलावलं.

मॅडम लॅपटॉप मिटत होत्या. दाजी पायरीवर बसले, शर्ट पाठीला चिकटलेला. ताईने पाणी आणून दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं आणि भांडं हातातच धरून अंगणाकडे बघत बसले.

"मऊच आहे," ते म्हणाले. "तीन ठिकाणी बघितलं. लंगडत जातो."

मामा त्यांच्या शेजारी टेकला. काहीतरी बोलावं असं वाटलं, जिभेवर दोनतीन विनोद येऊनही गेले, पण त्याने ते गिळले.

"पोरींना सांगितलं होतं मी," दाजी म्हणाले. "आजोबांच्या डोक्यावर राहायला या."

"जमिनीवर राहतील," ताई म्हणाली. "अंगण एवढं आहे ते काय फक्त धुमस करायला?" तिचा आवाज तुटक होता, पण आता ती दोघांशीही बोलत होती. मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या, मधे दार, स्वयंपाक इथेच. बाकीचं अंगण पोरींना पळायला. दाजींनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या की नुसती जागा आहे म्हणून बांधायला घेऊ नका. भर आहे, एका बाजूने खचू शकते. चांगल्या इंजिनिअरला हा निकाल दाखवा, पाया सगळा एकत्र बांधून घ्या, छत हलकं ठेवा. तेवढं केलंत तर वरच्या मजल्यापेक्षा हे कितीतरी बरं. कागद त्या स्वतः देणार होत्या.

दाजींनी फोन काढला, मिस्त्रीला लावला आणि मामाच्या हातात दिला. तुला जास्त नीट सांगता येईल म्हणाले. मामाने सांगायला सुरुवात केली की सोमवारी येऊ नका, वरचा मजला रद्द, खालची जमीन मऊ आहे. पलीकडून मिस्त्री खो खो हसायला लागला. मागे एकदा मामाने त्याला सिमेंटवर बंदी आल्याचं सांगितलं होतं. या खेपेला आपण फसत नाही, सोमवारी माणसं घेऊन येतो, असं तो हसत हसतच म्हणाला. मामाने फोन कानापासून लांब धरला आणि हताशपणे दाजींकडे बघितलं.

दाजींनी फोन घेतला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "तो सांगतोय ते खरं आहे. मी तपासलंय."

मिस्त्रीचं हसणं थांबलं. पुढचं बोलणं सळया कधी परत न्यायच्या, याचं झालं. मामा उठून वायर गुंडाळायला लागला, कारण बसून राहिला असता तर त्याचा चेहरा ताईच्या नजरेस पडला असता.

मॅडम गाडी घेऊन पुढे गेल्या. मामाला दाजींनी ठेवून घेतलं, खोल्यांची आखणी करायची म्हणून. टेपचं एक टोक त्याच्या हाती दिलं आणि मागच्या भिंतीशी उभं केलं. दुसरं टोक घेऊन ते अंगणाच्या मध्यापर्यंत आले. मामाने आपल्या बाजूचं टोक भिंतीला घट्ट लावलं, दाजींनी आकडा मोठ्याने वाचला आणि विटेच्या तुकड्याने जमिनीवर रेघ मारली. अशा चार रेघा मारून झाल्या. लेकीला फोन झाला. दोन्ही पोरी फोनवर एकदम बोलत होत्या आणि त्यांना वर की खाली याच्याशी काही घेणं नव्हतं. अंगणात पाण्याचा पाइप ओढता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं.

मामा हात धुवायला आत गेला. मोरीच्या खिडकीतून त्याने सहज बाहेर बघितलं. दाजी एकटेच अंगणात वाकले होते. टेपचं टोक भिंतीशी विटेखाली दाबून, मामाने धरलेलं प्रत्येक माप ते पुन्हा घेत होते. चारही बाजू मोजल्या, मग तिरकं मोजलं. एका जागी थांबले, पुन्हा वाकले, बोटाने चाचपलं, आणि बरोबर निघालं असणार, कारण रेघ तशीच ठेवून ते पुढे सरकले.

मामाने ताईला काही सांगितलं नाही. टॉवेलला हात पुसले आणि दाजींचं होईपर्यंत आतच थांबला.